बाराचा भोंगा

१९७६ सालच्या मार्चमधली ती शनिवारची दुपार. कॅन्ससमधल्या कॉटनवुड बेंड कॉलेजच्या हॉलमध्ये फोर रिव्हर्स कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटातल्या मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना शेवटच्या सेकंदावर येऊन अडला होता. पाहुण्यांचा संघ एका गुणाने मागे होता. त्यांची आर्डिथ वीन्स बॉल घेऊन रेषेवर उभी होती. दोन फ्री थ्रो. दोन्ही बास्केटात पडले तर करंडक तिच्या कॉलेजचा. चुकले तर मुलींचा संघच बंद. तिच्या कॉलेजच्या विश्वस्तांनी तसं आधीच बजावून ठेवलं होतं.

मागच्या वर्षी याच रेषेवरून तिचे दोन्ही चुकले होते. आमचं गाव ते विसरलं नव्हतं. बास्केटमागच्या बाकांवर सगळे उभे राहून हात नाचवत होते, पातेल्यांची झाकणं बडवत होते. रेषेवरच्या पाहुणीला घाबरवून सोडायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. सगळ्यांच्या पुढे पशुखाद्याचा दुकानदार डेल्मर गर्ट्झ. त्याच्या हातात बीरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेला गरम पाव.

"आर्डिथबाई, बास्केट दिसतेय ना? की जवळ आणून देऊ?"

हशा पिकला. तेवढ्यात बाहेर भोंगा सुरू झाला.

कुणी हललं नाही. चक्रीवादळाचा भोंगा नीट वाजतो की नाही हे आमच्याकडे दर शनिवारी बाराला बघत. तो ऐकून बायका बटाटे उकडायला ठेवत. आताही बाराच वाजले होते.

आर्डिथने मान वर केली. उंचावरच्या खिडकीकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरेफटक पडले. बॉल हातातून सुटला आणि टप्पे खात बाकांखाली गेला.

"वादळ!" ती किंचाळली. "वादळ आलंय! खाली चला, सगळे खाली चला!"

"अगं ए, ती जेवणाची शिट्टी!" डेल्मर ओरडला. "भूक लागली का? घे, अर्धा तुला!"

पंचांनी बॉल आणून तिच्यापुढे धरला. ती घेईना. तिची कोच लवॉन स्टकी तिला रागवायला धावत आली आणि जवळ येताच थबकली. ही शेतावर वाढलेली मुलगी. माजलेल्या बैलासमोर न डगमगणारी. आता तिचे दात वाजत होते.

लवॉन बाकांकडे वळली. "हिच्या तोंडाकडे बघा! असं सोंग येतं का कुणाला?"

झाकणांचा आवाज थांबला. सगळे त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते भय एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. डेल्मरच्या बायकोने लेकराला कडेवर घेतलं आणि ती जिन्याकडे पळाली. मग सगळेच पळाले.

तळघरातल्या कपडे बदलायच्या खोल्यांत दोन्ही गावं खेटून बसली. कुणी पूर्वजांच्या जुन्या जर्मनमध्ये प्रार्थना पुटपुटत होतं. दिवे गेले. कानांना दडे बसले. मग वरून असा आवाज आला, जणू कुणी घरं जात्यात घालून दळतंय. डेल्मरने अंधारात शेजारचा हात घट्ट धरला. तो आर्डिथचा होता.

वर आले तेव्हा छप्पर नव्हतं. बास्केटमागच्या बाकांच्या जागी भिंत कोसळून पडली होती.

तो सामना पुढे कधीच झाला नाही. दोन वर्षांत कॉन्फरन्सही मोडली. त्या वर्षीच्या स्पर्धेला विजेता नाही. आर्डिथच्या कॉलेजात मुलींचा संघ बंद करायचं नाव मग विश्वस्तांपैकी कुणी काढलं नाही. डेल्मर मरेपर्यंत शनिवारी बाराला भोंगा झाला की जेवणाच्या टेबलाशी उभा राहून आर्डिथच्या नावाने प्रार्थना म्हणायचा. आर्डिथने लग्न केलं, गहू पिकवला, बॉलला पुन्हा हात लावला नाही.

लवॉन म्हातारपणी अंथरुणाला खिळली. आर्डिथ तिला भेटायला जायची. एकदा लवॉनने विचारलं, "आम्हाला कुणालाच दिसलं नाही. तुला त्या खिडकीत नेमकं काय दिसलं गं?"

"काहीच नाही, बाई," आर्डिथ म्हणाली. "मला फक्त तो बॉल टाकायचा नव्हता."