गुरुवारचा बर्फ

"भरली बघ बादली! काठोकाठ." मोतीलालने बर्फाची बादली गिरधरच्या पायाशी आदळली. "तुझ्या लेपाला काही जुमानत नाही रे बेटा हा बर्फ."

गिरधरच्या हातातली बॅग हातातच राहिली. न कळवता तो पुण्याहून बुऱ्हाणपूरला आला होता आणि नुकताच शनवाऱ्यातल्या घरच्या दुकानाच्या पायऱ्या चढला होता. पायऱ्यांवर पाण्याचे ठिपके पडले होते, त्यावरून बूट सरकला, तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. आता तर बादलीशिवाय त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

दुकान त्याच्या आईचं, मालूबाईंचं. कुल्फीचं. नवरा गेल्यापासून बाई एकट्या दुकान चालवतात आणि झकास चालवतात. कोपऱ्यात जुना डीप फ्रीजर आहे. त्याच्या भिंतींवर आठवड्याला बोटभर बर्फ चढायचा, आणि तो काढायला दर गुरुवारी मोतीलाल यायचा. हा फ्रीजचा रिटायर मिस्त्री, बायको जाऊन आठ वर्षं झालेला. बर्फ खरवडायला इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना चमेलीचं तेल चोपडून येणारा मिस्त्री अख्ख्या बुऱ्हाणपुरात दुसरा सापडायचा नाही. काम वीस मिनिटांचं, चहा दोन तासांचा.

दिवाळीत गिरधरने या फ्रीजरला आतून आपला लेप लावला होता. प्रयोगशाळेत सहा वर्षं घासून बनवलेला नॅनो लेप.

"नॅनो म्हणजे ती छोटी गाडी?" मालूबाईंनी विचारलं होतं.

"तिच्याहून छोटं ग! केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक कण. अळूच्या पानावर पाणी थांबतं का? तसंच हे. थेंब थांबला नाही तर बर्फ धरेल कशाला? आता खरवडणं कायमचं सुटलं तुझं."

मालूबाई नुसत्या कुल्फीचे साचे पुसत बसल्या होत्या. आईला आनंदाने शब्द सुचत नाहीत, असं गिरधरने गृहीत धरलं.

पण झालं भलतंच. दर गुरुवारी आईचा फोन: "आजही बादलीभर निघाला रे." एक नाही, दोन नाही, बारा गुरुवार! प्रयोगशाळेत नीट चालणारा लेप घरी येऊन नापास. आणि सोमवारी शीतगृहवाली एक कंपनी करार करायला येणार होती. प्रयोगशाळेतल्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरच्या फ्रीजरचा निकाल गुरुवारी दुपारी बारापर्यंत कळव. हो असेल तर करार, नाही असेल तर लेपाचं काम बंद.

"मला आत बघू दे," म्हणत गिरधर फ्रीजरकडे वळला.

"आत्ता नको!" मालूबाई आडव्या आल्या. "झाकण उघडं राहिलं की कुल्फी मऊ पडते. आधी चहा घे. तोंड बघ किती सुकलंय."

तेवढ्यात शेजारच्या सरुबाई आल्या. "दहा मलई द्या हो, पाहुणे आलेत."

"संध्याकाळी या. आज साचे अडकलेत."

"दर गुरुवारी कसे अडकतात हो बाई तुमचे साचे?" सरुबाई कुरकुरत गेल्या.

गिरधर बाकावर बसला. चहा कपातच निवला. घड्याळात बाराला पाच कमी होते.

"सरांना नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला. "सोमवारचं रद्द. सहा वर्षं गेली आई, सगळी फुकट." त्याचे डोळे भरून आले. बाहेर रस्त्याकडे बघत त्याने नंबर लावला.

मालूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी मोतीलालकडे बघितलं. मोतीलाल जमिनीकडे बघत होता.

"सर, गिरधर बोलतोय..."

"थांब!" मोतीलाल ताडकन उठला. त्याचे कान लाल झाले होते. "बोलू नको. लेपाला दोष नको देऊ."

त्याने कोपऱ्यातली अवजारांची पिशवी उचलली आणि फरशीवर उपडी केली. एक हातोडी पडली, एक पेचकस पडला आणि मागोमाग बर्फाचे दोन खडे घरंगळत आले.

"बर्फ मी आणतो. आइस फॅक्टरीतून. तुझ्या भिंतींवर कणसुद्धा चढत नाही रे! पण मग इथं यायचं तरी काय सांगून? भाभींना यातलं काही ठाऊक नाही. त्यांना बोल लावू नको."

गिरधरने धावत जाऊन झाकण उचललं. भिंती कोरड्या ठणठणीत! त्याने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि फोनवर असा ओरडला की रस्त्यावरचा केळ्यांचा गाडीवाला थबकला.

"पास, सर! शंभर टक्के पास! सोमवारी बोलवा त्यांना!"

मग त्याने मोतीलालला मिठीच मारली. चमेलीच्या तेलाचा घमघमाट सुटला. रागवायचं होतं खरं, पण हसूच आवरेना.

"पण काका, एवढं बादलीभर ओझं या गुडघ्यांनी आणायचात?"

"छे रे! पिशवीत मावून मावून किती मावणार? पाव बादली." मोतीलालने डोकं खाजवलं. "बाकीचा फ्रीजरच्या तळाशी पडलेलाच असतो. भिंती कोरड्या, मग हा येतो कुठून? तीन महिने मला हे कोडं सुटलं नाही. म्हटलं, असेल काहीतरी तुमचं नॅनो."

मालूबाई "आधण ठेवते ग बाई" असं स्वतःशीच म्हणत लगबगीने आत गेल्या. तिघांचे कप अजून तसेच भरलेले होते.

गिरधरने बादली हळूच कलती केली. वरचे फॅक्टरीचे वेडेवाकडे खडे सरकले आणि खालचा बर्फ दिसला. एकसारखा, निमुळता, टोकदार, बरोबर कुल्फीच्या साच्याएवढा.