चतुराबाईंची पोथी

“पोथी अशी हलायची न्हाई,” चतुराबाई म्हणाल्या आणि देवघराच्या उंबऱ्यात फतकल मारून बसल्या. म्हणजे आत जायची वाटच बंद.

व्यंकटराव ओसरीवर उभे राहिले. गावचं वाचनालय दसऱ्याला पुन्हा उघडायचं ठरलं होतं. कुणी पायलीभर ज्वारी देऊन, कुणी वाशीमहून डोक्यावर पुस्तकांचे गठ्ठे वाहून ते उभं केलेलं. उन्हाळ्यात रझाकारीच्या धामधुमीत पुस्तकांची होळी होऊ नये, म्हणून व्यंकटरावांनीच एकेक पुस्तक एकेका घरी लपवायला दिलं होतं. बायांना बजावलं होतं, “पोथीवानी जपा. उघडू नका, कुणाला दावू नका.” बायांनी जपलं. इतकं जपलं, की पुस्तकं थेट देव्हाऱ्यात जाऊन बसली. आता देव्हाऱ्यातलं परत मागायची छाती कुणाची?

सकाळपासून ज्या घरी जावं तिथं एकच उत्तर मिळत होतं, “चतुराकाकूनं दिली तर आमी देऊ.” या एका उंबऱ्यावर सगळं अडलं होतं. चतुराबाई नाही म्हणाल्या, की वाचनालय संपलं.

“काकू, ते वाचनालयाचं पुस्तक हाय.”

“टोळी आली तवा शेजारच्या कडब्याच्या गंज्या जळाल्या. माझ्या दारातून मागं फिरली. हिनंच राखलं घर.” चतुराबाईंनी देवघराकडं हात जोडले. “न्यायची तर समाप्ती करा. पुरी वाचा, परसाद वाटू, मंग खुशाल न्या. न वाचता पोथी घराबाहेर जाती व्हय?”

रीत ती रीत. व्यंकटरावांनी पायतण काढलं. शेजारपाजारच्या बाया जमल्या, रूपाबाई अगदी पुढ्यात येऊन बसली. पाट मांडला गेला, चुलीवर शिऱ्याची कढई चढली. लाल फडक्यातून पुस्तक निघालं तर हळदीकुंकवाचा थर एवढा, की नावसुद्धा दिसेना. व्यंकटरावांनी पहिलं पान उलटलं.

पुस्तक गुरांच्या आजारांवरचं होतं. कुणाला कोणतं दिलं, हे त्या घाईत त्यांनी बघितलंच नव्हतं.

मनात आलं, यांना काय कळणार आहे? लहानपणापासून ऐकलेली एखादी देवाची कथा म्हणून टाकावी, शिरा खावा, पुस्तक काखेत मारून निघावं. बायांपैकी एकीलाही अक्षरओळख नव्हती. त्यांनी सूर लावून “श्रीगणेशाय नमः” म्हटलंसुद्धा. साऱ्या बायांनी हात जोडले. ते हात बघून मात्र त्यांची जीभ अडली. खोटं वाचूनच वाचनालय उघडायचं असेल, तर ते बंद राहिलेलं काय वाईट?

घसा खाकरून ते जे समोर होतं तेच वाचायला लागले. “पावसाळ्यात कोवळे गवत अधाशीपणे खाल्ल्याने बैलाचे पोट फुगते. डावी कूस ताणून टणक होते. जनावर पाय झाडते, धापा टाकते...”

कुणीतरी फिसकन हसलं. कुणीतरी तिला कोपर मारलं.

“हे देवानं सांगितलंय?” चतुराबाईंनी विचारलं.

“न्हाई काकू. जनावराच्या डाक्टरनं लिवलंय.” व्यंकटरावांनी मान खाली घातली. आता चार शिव्या खायच्या आणि रिकाम्या हातानं घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

पण चतुराबाई गोठ्याकडं बघत होत्या. गोठ्यात एकच बैल होता.

“वाचा पुढं.”

“अशा वेळी अर्धा शेर जवसाचे अगर करडईचे तेल घेऊन, त्यात हिंग कालवून, बांबूच्या नळीने जनावरास पाजावे व त्यास चालवीत ठेवावे. वेळेवर केल्यास जनावर सहसा वाचते.”

“आमचा चांद्या पोळ्याच्या आदी असाच गेला,” चतुराबाई म्हणाल्या. “डावी कूस, बराबर अशीच. पोरगं त्याच्या गळ्यात पडून रडून राहिलं व्हतं, आन मी हिच्यापुढं बसून ‘वाचव, वाचव’ म्हणून राहिले व्हते.” त्यांनी पुस्तकाकडं बोट केलं. “करडीचं तेल घरात व्हतं, व्यंकटराव. रोज हिच्याच दिव्यात घालत व्हते.”

व्यंकटरावांचे डोळे भरून आले. उघडू नका, असं सांगणारे तेच होते. चांद्या तडफडत होता तेव्हा ते दोन घरं सोडून आपल्या ओसरीवर बसले होते, आणि या घरात आपण काय ठेवलंय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

“काकू, चूक माझी हाय.”

चतुराबाईंनी पुस्तक ओढून मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याच्यावरचं कुंकू पुसायला लागल्या. आधी हळू, मग खसाखसा. पुसून झाल्यावर ते परत व्यंकटरावांच्या हातात दिलं. “हं. पुढचा आजार वाचा.”

ते पान उलटणार तोच रूपाबाई उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“भाऊजी, आमच्या देव्हाऱ्यात काय हाय वो?”

तेही व्यंकटरावांना ठाऊक नव्हतं. आणि त्यांच्या उत्तरासाठी रूपाबाई थांबलीही नाही. ती घराकडं पळत सुटली होती, आणि तिच्यामागं एकेक करून साऱ्याच बाया.