पुरा डोस

तेलंगणातल्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्या साली आरोग्य सहायक वामनराव बदलून तलमडुगूला आले. "आधीचे लोक तेलुगूत सांगायचे, म्हणून कोणाला कळलं नाही. मी आपल्या बोलीत सांगतो, मग पाहा," असं ते कचेरीत मिरवायचे.

अँटिबायोटिकच्या गोळ्या अर्धवट सोडल्या की जंतू निर्ढावतात, मग तेच औषध लागू पडत नाही, हे त्यांनी गावोगाव समजावलं. "बरं वाटलं तरी घरात एकबी गोळी उरली नाई पाह्यजे!" हे वाक्य तर त्यांनी स्वतः जुळवलं होतं.

पंधरवड्यानं ते, त्यांनीच गोळ्या दिलेल्या देवकाबाईकडे गेले. तिच्या पायाची जखम पुन्हा चिघळली होती, अन् गोळ्यांचं पाकीट मात्र रिकामं. वामनरावांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. इथले जंतू निर्ढावले की काय?

"मावशी, साऱ्या गोळ्या संपवल्या न?"

"त मंग! तुमी किती चांगलं समजून सांगतलं, साहेब," देवकाबाई अभिमानानं म्हणाली अन् हिशेब सांगू लागली.


"मले दोन दिवसांत बरं वाटलं, मंग बाकीच्या सुनेले खोकल्यासाठी देल्ल्या, अन् शेवटच्या दोन बकरीले चारल्या."