‘लास्ट’ म्हणजे

“डॉक्टर ‘लास्ट’ म्हणाले,” बाप लेकीला फोनवर कसंबसं एवढंच बोलला आणि त्याला हुंदका आवरेना.

सगळा जन्म बूट शिवण्यात गेलेला माणूस. इंग्रजी अगदी नावापुरतं. लेकीने त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा “तू आम्हाला मेलीस” म्हणून त्याने तोंडावर दार लावलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं घरात तिचं नाव निघालं नाही. पण बायकोच्या हृदयात नवी झडप बसवल्यावर परदेशी डॉक्टर तिच्या उशाशी उभा राहून काहीतरी बोलला. त्यातला एकच शब्द बापाला उमगला आणि सगळा ताठा गळून पडला. लास्ट गाडी, लास्ट तारीख. लास्ट म्हणजे शेवट, हे शेंबडं पोरही सांगेल.

लेक दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली ती डोळे सुजवूनच. आईचे केस विंचरले, चमच्याने दूध पाजलं. बापाशी मात्र अवाक्षर नाही. संध्याकाळी डॉक्टरांना भेटून परतली आणि दारातच थबकली.

“बाबा, ते ‘इट विल लास्ट’ म्हणाले होते. झडप टिकेल. चांगली पंधरा-वीस वर्षं.”

“पण लास्ट म्हणजे...”

“दोन वेगळे शब्द आहेत.” ती शाळेत इंग्रजी शिकवायची, आवाज तसाच कोरडा झाला. “एक शेवटाचा, दुसरा टिकण्याचा. टिकण्याचा जो आहे, तो मुळात पावलाच्या ठशावरून आलाय. मागोमाग चालत राहायचं, वाट सोडायची नाही. तुम्ही पायाच्या ज्या लाकडी साच्यावर बूट बेतता ना, त्यालाही इंग्रजीत लास्टच म्हणतात.”

बाप हसता हसता रडला. डोळे पुसून बघतो तर लेक पिशवी भरत होती.

“अगं, आता कुठे निघालीस?”

“टिकणार आहे असं कळलं असतं, तर केला असतात फोन?”

बापाची मान खाली गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली आणि विरली.

बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“दुकानात इंग्रजी बोलणारी गिऱ्हाइकं मीच सांभाळली ना इतकी वर्षं,” ती हळूच म्हणाली. “बूट हातात घेतला की निम्मी माणसं हेच विचारायची, ‘विल इट लास्ट?’ मला तेव्हाच कळलं होतं, डॉक्टर काय म्हणाले ते. पण तुम्ही रडत रडत लेकीला फोन लावलात. म्हटलं, मी मरतेय तेच बरं.”