पत्त्यातलं पद

कर्जतच्या आमच्या मंडळाची वेबसाइट वरदने बनवली. भर सभेत सुचेताकाकूंनी त्याच्यापुढे फोन धरला. “अरे, पान बदललं की वरच्या पत्त्यात ‘पद=सभासद’ असं उघडं जातंय. कोणीही बदलेल की.”

“काकू, या मंडळात तेवढी अक्कल कुणाला आहे? तुम्ही चहाचं बघा.”

काकू आत गेल्या. चहाचं पाणी गॅसवर ठेवून त्यांनी फोनवर त्या पत्त्यातलं ‘सभासद’ खोडलं आणि ‘अध्यक्ष’ लिहिलं.

पाणी उकळायच्या आत वेबसाइटवरून सूचना आली आणि सगळ्यांचे फोन वाजले. अध्यक्ष नानांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचलं, “यापुढे सभेचा चहा वरद करेल. आदेशावरून, अध्यक्ष.”

वरद उसळला, “नाना, हे तुम्ही पाठवलंत?”

नानांनी पुन्हा एकदा वाचलं.

“खाली अध्यक्ष लिहिलंय ना? मग ऊठ. माझ्यात साखर कमी.”