ओहोळाकाठचा दगड

इस्रायलहून आलेल्या ज्यू पाहुण्यांची मिनीबस कोरगावचा सगुण चालवत होता. सहलीचे म्होरके शिमशोन आणि मलकाबाई पेणकर हे नवरा-बायको त्याच्याशी चक्क मराठीत बोलू लागले, तेव्हा तो सुखावला. "आम्ही मूळचे अलिबागकडचे," मलकाबाई म्हणाल्या. "माझे वडील डिचोलीच्या खाणीवर फिटर होते. तिथेच ओहोळाकाठी पुरलंय त्यांना. मी तान्ही होते, थडगं पाहिलेलंच नाही." सगुणला ती जागा ठाऊक होती. ओहोळापाशी आता खाणमातीचा डोंगर उभा होता. तिथे गाडी थांबवून तो म्हणाला, "बाये, गोवा राज्य झाला त्या वर्षी, सत्त्याऐंशीत, हंयसर टिपर चालवी होतंय. ही माती मीच ओतलंय." "तेव्हा थडग्याचा दगड दिसला नाही?" "दिसलो. मराठीत नाव होता, वाचलंय. मुकादमान सांगल्यान, ओत." मलकाबाई मातीच्या ढिगाकडे वळल्या. "काय लिहिलं होतं?" सगुणने त्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं. मृत्यूची तारीखही सांगितली.