बुधवारची मालिका

करुणाने टीव्हीच्या आवाजाचं बटण हळूहळू डावीकडे फिरवलं. बोलणं कुजबुजीइतकं बारीक झालं, तरी तिच्या वडिलांची, बाजीरावांची पापणी हलली नाही. ते पडद्याकडे पाहत होते, तसेच पाहत राहिले.

तिचं समाधान झालं. आवाज आपल्यापुरता ठेवून ती सतरंजीवर बसली.

साखर कारखान्यात, उसाच्या चरकांशेजारी बाजीरावांची सारी नोकरी झाली. तिथे घसा फाडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही. कान तिथेच गेले. निवृत्त होऊन ते कोऱ्हाळ्याच्या घरी बसले, तेव्हा उजव्या कानात थोडं शिल्लक असावं, असं घरातले धरून चालले. समोर बसून मोठ्याने बोललं की त्यांना कळायचं. टीव्हीतलं कसं कळणार? म्हणून जाहिराती लागल्या की करुणा त्यांच्याकडे वळायची आणि झालेला भाग सांगायची. आई गेल्यापासूनचा हा नेम होता.

ऐकू येत नसलं तरी बाजीरावांची मतं पक्की होती.

"ह्या मिशाळ गड्याला कुणी काम दिलं? त्याला काय बी येत न्हाय," ते म्हणायचे. नाहीतर, "पाठ फिरवून बोलत्यात. ही काय रीत झाली?" शुक्रवारची भुताची मालिका त्यांना मुळीच खपत नसे. सगळा अंधार. सगळ्यांत आवडायची ती बातम्या देणारी बाई. "तिच्यावानी कुनी न्हाय. सरळ, समोर बघून."

करुणाला गंमत वाटायची. त्यांचे कारखान्यातले जोडीदार फिरोजचाचा कधी रस्त्यापलीकडे सायकल टेकवून नुसतंच तोंड हलवायचे आणि आबा ओट्यावरून खो खो हसायचे. जुन्या दोस्तीत आवाजाची गरज उरत नसावी, असं तिला वाटे.

बुधवारची मालिका मात्र गमतीची नव्हती. तिच्यातली वसुधा शिकायला शहरात जायचं म्हणत होती आणि तिचा बाप आडवा आला होता. करुणाला पुण्यात एम. एस्सी.ला जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत हजर झालं नाही तर ती जागा हातची जाणार होती. महिनाभर ती विचारत होती आणि आबांचं एकच उत्तर होतं, "बघू."

म्हणून महिन्यापूर्वी तिने वसुधाच्या बापाला सुधारायला घेतलं. तो पडद्यावर गरजायचा. करुणाच्या सांगण्यात तो हॉस्टेलची चौकशी करायचा.

आज त्याचा तुळतुळीत चेहरा पडदाभर आला होता. "ह्या घरातून तुझी वरातच निघेल," तो म्हणाला आणि वसुधाची बॅग उचलून चालू लागला. मग साबणाची जाहिरात लागली.

"काय म्हनला?" बाजीरावांनी विचारलं.

करुणा वळली. "म्हणाला, बॅग जड आहे, मी घेतो. तुला स्टँडवर सोडतो."

बाजीरावांची नजर तिच्या ओठांवरून पडद्याकडे गेली. "तोंडावरनं तसा वाटत न्हाय गडी."

"मनाने चांगलाय, आबा."

"असंल."

बाहेर मोटरसायकल थांबली. सोमनाथमामा आला. ओठ झाकून टाकणाऱ्या मिशा, आणि त्यांच्यामागून येणारा दणदणीत आवाज.

"दाजी! पाव्हनं रविवारी येत्यात! वरकुट्याचं स्थळ!"

"काय?"

मामा त्यांच्या कानाशी वाकला. "स्थळ! पोरीला स्थळ!"

"काय म्हनतोय गं ह्यो?"

"शेजारपाजारला कळलं, तुमास्नीच तेवढं कळंना," मामा वैतागून करुणाकडे वळला. "तूच सांग बाई. तुझं बरं कळतं त्यास्नी." मग त्याचा आवाज उतरला. "एक विचार कर. तू पुण्याला गेल्यावर ह्या मानसाला दुनिया कोन सांगनार? मुलगा बारामतीत नोकरीला हाय. दर बुधवारी येत जा की टीव्ही सांगायला."

हाच प्रश्न रोज रात्री तिच्या उशाशी असायचा. "बघू"च्या मागेही हाच असणार, हे ती ओळखून होती. तरी शुक्रवार टळणार नव्हता.

ती उठली आणि आबांसमोर मांडी घालून बसली. या वेळी काहीही न बदलता सांगायचं, असं तिने ठरवलं.

"मामा म्हणतोय, वरकुट्याचं स्थळ आलंय. रविवारी बघायला येणार आहेत. मुलगा बारामतीत असतो, म्हणजे मी दर बुधवारी इथे येऊ शकेन." तिने श्वास घेतला. "आणि मी म्हणतेय, मला पुण्याला जायचंय. परवा. तुम्ही आज बघू म्हणालात तर मी उद्या परत विचारणार. उद्याही बघू म्हणालात तर परवा सकाळी बॅग घेऊन विचारणार."

"आगं, हळू सांग जरा," मामा म्हणाला. "घाबरतील ते."

बाजीराव उठले. त्यांनी टीव्ही बंद केला.

"सोमनाथ, पाव्हन्यांना येऊ नका म्हनावं."

मामा बघतच राहिला. करुणा ताठ बसली होती. बाजीराव तिच्यापुढे उकिडवे बसले. तिच्या डोळ्यांत डोळे घालून, एकेक शब्द सुटा करत बोलले,

"त्यो बाप म्हनला, ह्या घरातून तुझी वरातच निघेल. मी तसं म्हननार न्हाय. परवा तुझी बॅग मी उचलतो आन् तुला स्टँडवर सोडतो."